आठवणीतला ‘कॉन्ट्रा’ संथ होता, हा भास नाही! एम्युलेटरमधल्या बारीक दुरुस्त्यांनी आपला नकली व्हिडिओ गेम कसा परत आणला?

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ‘कॉन्ट्रा’ची क्लिप टाकतं. मोबाईलवर एम्युलेटर घेऊन खेळलेली. दोन मिनिटांत शंभर मेसेज पडतात. कुणाला तीस लाइफचा कोड आठवतो, कुणाला मे महिन्याची सुट्टी, कुणाला रिमोटची वायर तोडली म्हणून खाल्लेला मार. आणि मग एक जण हमखास लिहितो, “पण आपल्याकडे हा इतका फास्ट नव्हता रे. म्युझिक पण काहीतरी वेगळं होतं.” बाकीचे त्याला वेड्यात काढतात. वय झालं तुझं, तेव्हा लहान होतास, वगैरे.

तर विषय असा आहे की, तो एकटा बरोबर आहे आणि बाकीचे चूक. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या घरांत नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडलेला तो गेम खरोखरच संथ चालायचा. किती संथ, तेही मोजून सांगता येतं. आवाजही बऱ्याच मशीनवर खरोखर वेगळा होता. आणि गंमत म्हणजे हे दोन्ही जसंच्या तसं परत आणायची सोय आजच्या ओपन सोर्स एम्युलेटरमध्ये आहे. फक्त ती सेटिंगच्या चौथ्या पानावर अशा नावाखाली बसली आहे की आपल्यापैकी कुणी तिला हात लावत नाही.

आधी मशीन कुठलं होतं ते बघू

निन्टेन्डोने जपानमध्ये १९८३ साली फॅमिकॉम नावाचा कन्सोल काढला. १९८५ मध्ये तोच वेगळ्या डब्यात अमेरिकेत गेला आणि एनईएस झाला. आपल्याकडे मात्र बहुतेकांच्या घरात जे आलं ते ना फॅमिकॉम होतं, ना एनईएस. तैवान आणि चीनमध्ये त्याच्या चिपच्या नकला बनल्या आणि त्या नकलांवर चालणारे डबे जगभर विकले गेले. या डब्यांना जाणकार ‘फॅमिक्लोन’ म्हणतात. आपण त्याला ‘व्हिडिओ गेम’ किंवा ‘टीव्ही गेम’ म्हणायचो आणि काडतुसासारखी जी वस्तू वरून खोचायची तिला ‘कॅसेट’. लिटल मास्टर हे नाव कित्येकांना आठवेल. बऱ्याच डब्यांवर तर धड नावच नसायचं.

ठाणे-कल्याण पट्ट्यात नकलेचं कुणाला फार वावडं नव्हतंच म्हणा. कल्याणच्या पुढेच उल्हासनगर. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद इथल्या लोकलमध्ये किती पिढ्या चालला असेल कोण जाणे. डबा खरा की खोटा हा प्रश्न कुणी विचारायचंच नाही. ‘किती गेम आहेत?’ हा खरा प्रश्न.

आता एम्युलेटर म्हणजे काय, तेही एका वाक्यात. जुन्या मशीनच्या प्रत्येक चिपचं वागणं सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब उतरवणारा प्रोग्रॅम. कॅसेटमधल्या गेमला वाटतं आपण त्या जुन्या डब्यातच आहोत. ओपन सोर्स म्हणजे त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला, कुणीही वाचावा, चूक दाखवावी, दुरुस्त करून पाठवावा. फॅमिकॉमसाठी असे बरेच आहेत. एफसीईयूएक्स, नेस्टोपिया, मेसेन ही त्यांतली मोठी नावं. रेट्रोआर्क हे एक वेगळंच प्रकरण. ते स्वतः एम्युलेटर नाही, ती एक चौकट आहे. तिच्यात वेगवेगळे एम्युलेटर ‘कोअर’ म्हणून बसवता येतात. मोबाईलवर बरेच जण तेच वापरतात.

पन्नास आणि साठचा घोळ

जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर चित्र एकदा काढून थांबत नसे, ते सेकंदाला ठरावीक वेळा पुन्हा पुन्हा काढलं जायचं. जपान-अमेरिकेत एनटीएससी पद्धत होती, त्यात सेकंदाला ६० वेळा. भारतात पॅल पद्धत, त्यात ५० वेळा. हे आकडे मुळात विजेवरून आले. अमेरिकेत घरातली वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची.

फॅमिकॉमचे गेम या ठोक्यावर चालतात. टीव्हीने एक चित्र संपवलं की मशीन गेमला टपली मारतं, ‘हं, पुढचं पाऊल टाक’. मारिओ किती पुढे सरकला, गोळी कुठे पोहोचली, गाण्याचा पुढचा स्वर कधी लागणार, सगळं त्या टपलीवर. बनवणाऱ्यांनी हिशेब धरला सेकंदाला साठ टपल्यांचा. डोंबिवलीत पडायच्या पन्नास.

म्हणजे जपानमध्ये एका मिनिटात होणाऱ्या गोष्टीला आपल्याकडे एक मिनिट बारा सेकंद लागायचे. वेग जवळपास १७ टक्के कमी. उडी जास्त वेळ हवेत, शत्रूची गोळी डोळ्याला दिसेल इतकी सावकाश. ‘कॉन्ट्रा’ आपल्याला लहानपणी जमायचा आणि आज एम्युलेटरवर जमत नाही, याचं खापर सगळंच वयावर फोडायला नको. (याची दुसरी बाजू म्हणजे, जे तासावर पैसे देऊन पार्लरमध्ये खेळायचे, त्यांच्या तासात मूळ वेगाच्या हिशेबाने पन्नास मिनिटांचाच गेम भरायचा. पण तक्रार करणार कुणाकडे!)

एम्युलेटर मात्र फाईल उघडली की बघतो, हा गेम जपान-अमेरिकेचा आहे. मग तो मुकाट साठचा ठोका लावतो. त्याच्या दृष्टीने तेच बरोबर. क्लिप फास्ट दिसते ती यामुळे.

मग सेटिंगमध्ये पॅल करून टाकू की!

इथेच खरी मेख आहे. अनेकांनी हे करून पाहिलंय. रिजनमध्ये जाऊन पॅल निवडायचं. वेग पन्नासवर येतो, पण गाणं बेसूर ऐकू येतं, आणि काही गेममध्ये चित्राच्या मधोमध पट्टा थरथरतो किंवा गेम चक्क लटकतो. मग माणूस म्हणतो, “एम्युलेटर बेकार आहे.”

एम्युलेटर बेकार नाही. निन्टेन्डोने युरोपसाठी पॅलचा जो अधिकृत एनईएस काढला होता, त्याचं वागणं तो इमानदारीत दाखवतोय. त्या मशीनमध्ये मुख्य चिपचा वेगच वेगळा होता. आकड्यांत सांगायचं तर जपानी मशीनची चिप चालायची सुमारे १.७९ मेगाहर्ट्झवर, युरोपच्या मशीनची सुमारे १.६६ वर. स्वराची उंची याच वेगातून निघते. त्यामुळे सूर सात टक्के खाली येतो, म्हणजे पेटीवर एका पट्टीपेक्षाही थोडा जास्त. गाणं पांढरी चारऐवजी पांढरी तीनच्याही किंचित खालून ऐकल्यासारखं वाटतं. युरोपसाठी गेम काढताना बऱ्याच कंपन्या तो नव्याने जुळवून घेत. आपल्या कॅसेटमध्ये मात्र जपानी किंवा अमेरिकन गेम उचलून घातलेला असायचा.

मग आपल्या डब्यात तोच गेम पन्नासच्या ठोक्यावर, बेसूर न होता, न लटकता कसा चालायचा?

कारण नकला बनवणारे हुशार होते. त्यांना माहीत होतं की पॅल देशातलं गिऱ्हाईक साठच्या हिशेबाने बनवलेल्या पायरेटेड कॅसेटच खोचणार. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिप वापरून अशी तडजोड केली गेली की टीव्हीला वाटावं हे पॅल आहे आणि गेमला वाटावं हे एनटीएससी आहे. स्फटिकाचा वेग युरोपच्या मशीनसारखाच, २६.६० मेगाहर्ट्झ. पण निन्टेन्डोने तो सोळाने भागला होता, यांनी पंधराने भागला. निघाला १.७७ मेगाहर्ट्झ. जपानी मशीनच्या १.७९ पेक्षा एक टक्क्यानेही कमी नाही. एवढा फरक सर्वसामान्य कानाला कळत नाही. थोडक्यात, आपल्याकडे गाण्याची लय संथ होती, पट्टी मात्र मूळचीच राहिली.

दुसरी करामत अजून बारीक आहे, पण एम्युलेटरच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. लोकलचं उदाहरण घेऊ. टीव्हीचं एक चित्र म्हणजे एक फेरी. जपानी मशीनमध्ये एका फेरीत २६२ ओळी. त्यांतल्या २४० ओळी चित्राच्या, बाकीचा वेळ विश्रांतीचा. या विश्रांतीत वीस ओळींचा एक थांबा असतो आणि तेवढ्यातच गेमला पुढचं चित्र मांडून घ्यायचं असतं. तो वीस ओळींचा थांबा म्हणजे फलाटावरचा थांबा. चढायचं, उतरायचं ते त्यातच. पॅलमध्ये फेरी मोठी, ३१२ ओळींची. म्हणजे पन्नास ओळींचा वेळ जास्तीचा. तो घालवायचा कुठे?

निन्टेन्डोने तो फलाटावरच दिला. थांबा वीसऐवजी सत्तर ओळींचा झाला. ऐकायला छान वाटतं, पण गेम जुन्या सवयीने वीस ओळींत आवरून ‘आता गाडी सुटली’ असं धरून पुढचे हिशेब करू लागतो आणि गाडी अजून फलाटावरच उभी. सगळं वेळापत्रक चुकतं. नक्कलवाल्यांनी जास्तीचा वेळ फलाटाच्या आधी घातला. चित्र संपल्यावर ५१ ओळी गाडी बाहेर सिग्नलला नुसती उभी. मग फलाटावर आली की थांबा नेहमीसारखाच वीस ओळींचा. आतल्या प्रवाशाला, म्हणजे गेमला, काही बदललंय हे कळतच नाही. फेऱ्या कमी झाल्या, एवढंच. कल्याणच्या आधी सिग्नलला गाडी खोळंबली की आपण वैतागतो. इथे त्याच खोळंब्याने काम साधलं.

‘डेंडी’ म्हणजे आपणच

या प्रकारच्या नकली मशीनला आज एम्युलेटरमध्ये ‘डेंडी’ म्हणतात. नाव रशियाचं. डिसेंबर १९९२ मध्ये स्टीपलर नावाच्या कंपनीने रशियात ‘डेंडी’ या ब्रँडखाली असाच फॅमिक्लोन आणला, आणि तिथे तो इतका चालला की अनेकांच्या तोंडी व्हिडिओ गेम म्हणजे डेंडी असंच झालं. रशियाही पन्नास ठोक्यांचाच देश. तिथली मुलं मोठी झाली, प्रोग्रॅमर झाली, एम्युलेटर उघडून बघितला आणि त्यांनाही तेच वाटलं, ‘आमच्याकडे हा इतका फास्ट नव्हता.’ त्यांच्याकडे मात्र त्यावर वाद घालत न बसता मशीन उघडून मोजमाप करणारे बरेच निघाले. नाव त्यांचं पडलं यात अन्याय काही नाही.

सुरुवातीच्या एम्युलेटरमध्ये दोनच खाती होती, एनटीएससी आणि पॅल. म्हणजे निन्टेन्डोने जे बनवलं ते खरं, बाकी चुकीचं. नकली मशीन ही नोंद घ्यायची गोष्टच नव्हती. पुढे एकेका एम्युलेटरने तिसरं खातं उघडलं. आज एफसीईयूएक्स, नेस्टोपिया, मेसेन आणि रेट्रोआर्कमधला एफसीईयूएमएम कोअर, चौघांतही डेंडी हा पर्याय आहे. गेमची माहिती साठवण्याचा जो ‘एनईएस २.०’ नावाचा प्रमाण नमुना आहे, त्यातही वेगासाठी चार मूल्यं ठेवली आहेत : ० म्हणजे एनटीएससी, १ म्हणजे पॅल, २ म्हणजे दोन्हीकडे चालणारा आणि ३ म्हणजे डेंडी. आपल्या त्या निनावी डब्याला मिळालेली अधिकृत जागा ती ही. शेवटचा अंक, पण जागा मिळाली.

यादीत हा बदल आला तेव्हा एक ओळ होती. ‘डेंडी रिजनची भर.’ एम्युलेटरच्या अपडेटखाली जी बदलांची यादी असते, जिला चेंजलॉग म्हणतात, त्यातल्या बहुतेक ओळी अशाच असतात. नवीन काही दिसत नाही, बटण बदलत नाही, म्हणून लोक खाली लिहितात, “या अपडेटमध्ये काहीच नाही.”

सूर तोच, पेटी वेगळी

आता ग्रुपवरच्या त्या मित्राची दुसरी तक्रार. म्युझिक वेगळं होतं.

फॅमिकॉमच्या चिपमध्ये आवाजाचे पाच चॅनेल असतात. त्यांतले दोन मुख्य चालीसाठी. हे चौकोनी लहरींचा आवाज काढतात, आणि त्या लहरीचा किती भाग ‘चालू’ ठेवायचा याचे चार पर्याय असतात : साडेबारा टक्के, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर. यातून आवाजाचा पोत ठरतो. पन्नासला आवाज पोकळ आणि गोलसर येतो, पंचवीसला बारीक, जरा नाकातला. (पंचाहत्तर आणि पंचवीस कानाला सारखेच लागतात.)

अनेक नकली चिपमध्ये इथे एक चूक झाली होती. पंचवीस मागितलं की पन्नास यायचं आणि पन्नास मागितलं की पंचवीस. हे दोन पर्याय चिपला ०१ आणि १० असे सांगितले जातात, म्हणजे दोन तारा उलट जोडल्यावर जे होईल तेच झालं. ०० आणि ११ उलटे केले तरी तसेच राहतात, म्हणून उरलेले दोन पर्याय बिनचूक होते. चाल बदलत नाही, पट्टी बदलत नाही. एकाच गाण्याला दुसरी पेटी साथीला घ्यावी तसं होतं. ज्याने वर्षभर रोज ते ऐकलंय त्याला एम्युलेटरवरचा ‘बरोबर’ आवाज परका वाटणारच.

एफसीईयूएक्स, मेसेन आणि एफसीईयूएमएममध्ये हे ड्युटी सायकल उलट करण्याचं बटण आहे. मला विचाराल तर अशा दुरुस्त्यांमध्ये ही सगळ्यात आवडती. हार्डवेअरमध्ये कुणाच्या तरी हातून झालेली चूक, जी कुणीही जपून ठेवायचं कारण नव्हतं, ती कुणीतरी पुन्हा मेहनतीने सॉफ्टवेअरमध्ये बसवली. डेव्हलपरांमध्येही यावर दोन मतं असू शकतात, पण एम्युलेटरचं काम मशीन सुधारणं नाही, मशीन जसं होतं तसं दाखवणं आहे, असं मानलं तर हे बटण हवंच. आपल्याकडच्या सगळ्याच डब्यांत ही चूक नव्हती, त्यामुळे बटण दाबून ऐका, आणि कान म्हणेल ते ठेवा.

रीसेट दाबला की गेम बदलायचा, आठवतं?

‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये ९९९९ गेम नसतात, हे शोधून काढायला आपल्याला एक सुट्टी पुरली होती. मोजके गेम, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने, कुठे मधल्या लेव्हलपासून सुरू, कुठे जास्त लाइफ. ‘टँक’ म्हणून जो खेळ सगळ्यांनी खेळला तो मुळात नामकोचा १९८५ सालचा ‘बॅटल सिटी’, आणि ‘टँक १९९०’ ही त्यात फेरफार करून बनवलेली आवृत्ती.

एम्युलेटरसाठी ही कॅसेट म्हणजे डोकेदुखी. प्रत्येक कॅसेटच्या आत गेमशिवाय एक छोटं सर्किट असतं. गेमचा कुठला तुकडा कधी मशीनसमोर ठेवायचा ते हे सर्किट ठरवतं. त्याच्या प्रकाराला ‘मॅपर’ म्हणतात आणि प्रत्येक प्रकाराला नंबर दिलेला असतो. जुन्या नमुन्यात २५६ नंबरांचीच जागा होती. नकली कॅसेटवाल्यांनी स्वतःची इतकी सर्किटं केली की ती पुरेना, एनईएस २.० मध्ये ४०९६ पर्यंत सोय करावी लागली. एम्युलेटरच्या चेंजलॉगमध्ये ‘अमुक मॅपरची भर’, ‘तमुक मॅपर दुरुस्त’ अशा ज्या रटाळ ओळी दिसतात, त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे कुठेतरी एक प्रकारची कॅसेट पुन्हा जिवंत झाली.

यातलाच एक नमुना ६० नंबरचा मॅपर. यात चार गेम असतात, पण मेनू नसतो. रीसेट दाबला की पुढचा गेम. पुन्हा दाबला की त्याच्या पुढचा. ही कॅसेट चालवायला एम्युलेटरला ‘रीसेट’ आणि ‘बंद करून पुन्हा चालू’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळायला लागतं. रीसेटला नुसतं डबक्यावरचं बटण दाबलं असं धरायचं, आतलं सर्किट पुसायचं नाही. दोन्ही एकच धरले तर तुम्ही जन्मभर पहिल्याच गेमवर. लहान मुलाला जे बोटाला माहीत होतं ते कोडमध्ये नीट लिहायला लागतं, ते असं.

बाकीच्या सुधारणा भराभर सांगतो. रेट्रोआर्कमध्ये २०१८ साली ‘रन-अहेड’ आलं. बटण दाबणं आणि उडी दिसणं यांतला उशीर त्याने कमी होतो, पण फोनच्या प्रोसेसरवर ताण येतो, स्वस्त फोनवर बंदच ठेवा. क्लोनच्या रिमोटवर ‘टर्बो’ची दोन बटणं असायची, बोट न उचलता धडाधड गोळ्या. तो टर्बो किती फ्रेमने फायर करायचा हे एफसीईयूएमएममध्ये ठरवता येतं. मेसेनमध्ये जुन्या टीव्हीसारखं चित्र दाखवणारे फिल्टर आहेत. ‘डक हंट’ची बंदूक आजच्या एलसीडीवर चालत नाही, ती ट्यूबच्या टीव्हीच्या प्रकाशावर चालायची. एम्युलेटरमध्ये बोटाने किंवा माउसने नेम धरा. आणि सेव्ह स्टेट. लोडशेडिंगने ज्यांचा शेवटच्या लेव्हलवरचा गेम घालवलाय, त्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. फक्त एक सावधगिरी : एम्युलेटरची आवृत्ती बदलली की जुनी सेव्ह स्टेट कधीकधी उघडत नाही. आतलं काम दुरुस्त झालं की साठवलेल्या चित्राशी त्याचा मेळ बसत नाही. गेममध्येच सेव्ह करायची सोय असेल तर ती वापरा.

मोबाईलवर कसं लावायचं

रेट्रोआर्क त्यांच्या अधिकृत साईटवरून किंवा प्ले स्टोअरवरून घ्या. आयफोनवरही आता मिळतं. ॲपलने एप्रिल २०२४ मध्ये जुन्या कन्सोलच्या एम्युलेटरना ॲप स्टोअरची दारं उघडली आणि पुढच्याच महिन्यात ते तिथे आलं. टेलिग्रामवर फिरणारी ‘प्रो मॉड’ एपीके घेऊ नका. जे मूळचंच फुकट आहे त्याचं मॉड कशासाठी, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारा.

कोअर म्हणून एफसीईयूएमएम उतरवा, गेम सुरू करा, मग क्विक मेनू उघडून कोअर ऑप्शन्समध्ये जा. रिजन ‘ऑटो’वर असेल. तिथे ‘डेंडी’ निवडा. त्याच यादीत आवाजाच्या भागात ‘स्वॅप ड्युटी सायकल्स’ सापडेल. दोन्ही करून ‘कॉन्ट्रा’ची पहिली लेव्हल खेळा.

एक अडचण मात्र राहते आणि ती कोणत्याही अपडेटने पूर्ण सुटणारी नाही. साध्या फोनचा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलतो. गेम आता ५० चित्रं देतोय. मग दर पाच चित्रांत एक चित्र दोनदा दाखवावं लागतं, सेकंदाला दहा वेळा. पार्श्वभूमी सरकताना बारीक हिसका जाणवतो. आपल्या जुन्या टीव्हीवर हा नव्हता, कारण टीव्हीच पन्नासचा होता. १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर हिसका कमी होतो. गेमच्या वेगाप्रमाणे स्वतःचा वेग बदलणारा मॉनिटर असेल तर जातोच. ज्यांना हा हिसका सहन होत नाही त्यांनी साठवरच खेळावं, त्यात कमीपणा नाही.

काही चुकतंय असं वाटलं तर तक्रार करा, पण ‘नॉट वर्किंग’ एवढं लिहून नाही. कोअरची आवृत्ती, फोनचं मॉडेल, गेमच्या फाईलचा चेकसम, आणि कुठल्या क्रमाने काय दाबल्यावर बिघडतं, इतकं लिहिलं तर दुरुस्ती होते. गेमची फाईल सोबत जोडू नका, कुठल्याच गंभीर प्रकल्पाला ती चालत नाही.

कारण अर्थात कायदा. एम्युलेटर लिहिणं बेकायदा नाही. अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० साली अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही दोन प्रोग्रॅम एकमेकांशी जुळावेत म्हणून लागणारी माहिती मिळवायला कलम ५२ मध्ये मुभा आहे. पण गेम हा त्याच्या कंपनीचा, तो नेटवरून उतरवायची मुभा यातून मिळत नाही. आणि नव्या कन्सोलचं कुलूप तोडायला मदत केली तर प्रकरण महागात जातं. स्विचचा ‘युझू’ एम्युलेटर मार्च २०२४ मध्ये निन्टेन्डोला २४ लाख डॉलर देण्याच्या तडजोडीवर बंद झाला. आपली कॅसेट स्वतःच पायरेटेड होती, हा मुद्दा कोर्टात फारसा उपयोगी पडणार नाही.

माळ्यावर कॅसेट असेल तर

ठाण्यात नौपाड्यापासून डोंबिवलीपर्यंत जुन्या इमारती धडाधड रिडेव्हलपमेंटला जातायत. घर रिकामं करताना माळा पहिल्यांदा रिकामा होतो, आणि ती पिवळी कॅसेट भंगारवाल्याच्या पोत्यात जाते. नकली मल्टीगेम कॅसेटची धड नोंद कुणी ठेवलेली नाही. कुठल्या कारखान्यात बनली, किती प्रकार निघाले, याची यादी जगात कुठेच पूर्ण नाही. एम्युलेटर लिहिणाऱ्यांना जी कॅसेट कधी सापडलीच नाही, तिचा मॅपर ते लिहू शकत नाहीत.

त्यामुळे सापडली तर टाकू नका. आणि मुख्य म्हणजे फुंकू नका. आपण सगळ्यांनी आयुष्यभर तेच केलं, पण फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात, निन्टेन्डोही तेच सांगायची. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा, पूर्ण सुकू द्या. स्क्रू काढून डबी उघडता आली तर आतल्या बोर्डाचे दोन्ही बाजूंचे स्वच्छ उजेडात फोटो काढा. बोर्डावर छापलेला नंबर वाचता आला पाहिजे. बऱ्याच कॅसेटमध्ये चिप दिसणार नाही, काळ्या डांबरासारखा एक गोळा दिसेल. चिप त्याच्याच खाली आहे, खरवडू नका. आतला मजकूर वाचून घेणारी छोटी यंत्रं मिळतात, त्यांचीही काही डिझाइन ओपन सोर्स आहेत, पण ज्याला सवय आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

मेनूमध्ये दिसणाऱ्या गेमची नावं क्रमाने लिहून ठेवा, चुकीच्या स्पेलिंगसकट. एकाच नावाच्या दोन कॅसेट वेगळ्या ओळखायला त्या चुकाच उपयोगी पडतात.